अप्रिय वार्ता आणि विश्वस्त मंडळ
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय चिटणीसांनी माझ्या मर्जीवर सोपविला. अशा प्रसंगी ज्ञातीचा पूर्वेतिहास, अथवा लग्नकार्यातील वाढता खर्च, ह्यांवर बोलण्याचा प्रघात आहे. मी निवडलेला विषय त्या मानाने रुक्ष आणि काहींना परकाही वाटेल. एखाद्या विद्यापीठात लोकांत खळबळ उडविणारे नाजूक प्रकरण उद्भवले असता तेथील प्रमुख आपल्या नियामक मंडळास ते कसे कळवितो, किंवा कळवीत नाही, ह्याविषयी मी बोलणार आहे. ह्याचे कारण असे की, आपल्या विद्यार्थी वसतिगृहाच्या नव्या घटनेचा मसुदा लवकरच सर्वसाधारण सभेपुढे यावयाचा आहे. आजवर मंडळातील चार-दोन कर्ते गृहस्थच वसतिगृह चालवीत आले. यापुढे पगारी अधीक्षक नेमावा, रोजचा कारभार त्याने पाहावा आणि विश्वस्तांनी देखरेख करावी, अशी योजना आहे. मसुदा मी दोन वेळा वाचला. जमाखर्च, हिशेबतपासणी, डेडस्टॉक ह्यांविषयी त्यात तपशीलवार कलमे आहेत. परंतु मुलांच्या बाबतीत काही विपरीत घडले तर ते विश्वस्तांच्या कानी कोणी व केव्हा घालावे, ह्याविषयी एक ओळही नाही. ती ओळ नसली म्हणजे काय होते, हे सांगण्याकरिता मला थोडे दूर जावे लागेल.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात पेन स्टेट ह्या नावाने ओळखले जाणारे मोठे विद्यापीठ आहे. १८५५ साली स्थापन झालेल्या शेतकीच्या एका शाळेतून ते वाढले. तेथील फुटबॉलचा संघ, म्हणजे हाती चेंडू घेऊन धावण्याचा त्यांचा फुटबॉल, हे त्या प्रांताचे दैवत होते, आणि जो पॅटर्नो हे मुख्य प्रशिक्षक त्या दैवताचे पुजारी. त्यांचे एक साहाय्यक जेरी सँडस्की १९९९ साली निवृत्त झाले, तरी क्रीडागृहात येण्याजाण्याची मुभा त्यांना राहिली. गरजू मुलांसाठी त्यांनी एक संस्था काढलेली असल्याने गावात त्यांची ख्याती परोपकारी गृहस्थ अशीच होती. १९९८ साली एका आईने त्यांच्याविरुद्ध तक्रार केली. चौकशी झाली, खटला झाला नाही. २००१ साली क्रीडागृहाच्या स्नानगृहात त्यांचे एका लहान मुलाशी चाललेले वर्तन एका तरुण साहाय्यकाने पाहिले आणि दुसऱ्या दिवशी पॅटर्नो ह्यांच्या कानी घातले. ती गोष्ट क्रीडाविभागाचे प्रमुख व एक उपाध्यक्ष ह्यांच्यामार्फत विद्यापीठाचे अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनियर ह्यांच्यापर्यंत पोहोचली. त्यांचे पद साधारणतः आपल्याकडील कुलगुरूंच्या तोडीचे. बालकल्याण खात्यास कळवावे असा विचार प्रथम झाला आणि मग तो मागे पडला. विश्वस्त मंडळास ह्या दोन्ही प्रकरणांपैकी एकाचाही सुगावा लागू दिला गेला नाही. मधल्या दहा वर्षांत किती बैठका झाल्या असतील, किती इमारतींचे नकाशे व किती अंदाजपत्रके मंजूर झाली असतील!

मार्च २०११ च्या अखेरीस हॅरिसबर्ग येथील 'पॅट्रियट-न्यूज' ह्या वृत्तपत्राने सँडस्की ह्यांची चौकशी 'ग्रँड ज्युरी'पुढे चालू असल्याचे छापले. आरोप ठेवण्याइतका पुरावा आहे किंवा नाही, हे गुप्तपणे पाहणारी नागरिकांची ही पंचमंडळी असते. बातमी वाचून एका विश्वस्ताने अध्यक्षांकडे विचारणा केली, आणि मे महिन्याच्या बैठकीत स्पॅनियर व विद्यापीठाच्या विधिसल्लागार ह्यांनी मंडळास माहिती दिली. माझ्या मते साऱ्या प्रकरणाचे मर्म ह्या माहितीत आहे. माहिती दिली गेली हे खोटे नाही. पण ती तोंडी होती, थोडक्यात होती, आणि फारसे काळजीचे कारण नाही अशा सुरात होती. विद्यापीठाच्याच बड्या अधिकाऱ्यांच्या साक्षी झाल्या आहेत, ह्याचा परिणाम संस्थेवर काय होऊ शकेल, हे कोणी उलगडून सांगितले नाही. विश्वस्तांनीही फारसे प्रश्न केले नाहीत. जुलैत व सप्टेंबरात पुन्हा बैठका झाल्या. अध्यक्षांनी विषय काढला नाही, सभासदांनीही विचारले नाही.

आपण सर्वांनी कोठे ना कोठे सभा पाहिल्या आहेत. कार्यक्रमपत्रिकेच्या तळाशी 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय' अशी एक ओळ असते. तोवर चहा आलेला असतो, दोघे-तिघे गाडी गाठण्याच्या घाईत असतात. अशा वेळी चिटणीस एक कागद अर्धा वाचतात आणि 'वाचून दप्तरी दाखल' असा शेरा पडतो. नंतर कोणी विचारलेच, तर 'सभेपुढे ठेवले होते' असे सांगता येते. पेन स्टेटची मे महिन्यातील बैठक इंग्रजीत झाली एवढाच काय तो फरक!

नोव्हेंबर २०११ च्या पहिल्या आठवड्यात आरोपपत्र प्रसिद्ध झाले. त्यात क्रीडाविभागप्रमुख व उपाध्यक्ष ह्यांचीही नावे होती. मंडळ एकत्र बसून विचार करण्यापूर्वीच स्पॅनियर ह्यांनी त्या दोघांना आपला बिनशर्त पाठिंबा जाहीर करून टाकला. ३२ विश्वस्तांची अवस्था काय झाली असेल, ह्याची कल्पना करावी. देशभरातील वार्ताहर दारी आलेले, आणि प्रकरणाची ओळख नुकतीच वर्तमानपत्रातून झालेली. त्यांनी ९ नोव्हेंबरच्या रात्री अध्यक्षांना पदावरून दूर केले आणि पॅटर्नो ह्यांना दूरध्वनीवरून कळविले की आपली सेवा संपली. ४६ हंगाम संघ सांभाळलेल्या वृद्ध माणसास अशा रीतीने निरोप मिळाला म्हणून विद्यार्थी रस्त्यावर आले, एका वृत्तवाहिनीची गाडी उलथून टाकली गेली. निर्णय योग्य होता की अयोग्य, ह्यावर तेथे अजूनही दोन तट आहेत. मला दिसते ते इतकेच, की सहा महिने आधी नीट विचार करावयास मिळाला असता, तर त्याच माणसांना हा निर्णय रातोरात, गोंधळलेल्या मनाने घ्यावा लागला नसता.

पुढे जून २०१२ मध्ये सँडस्की ४५ आरोपांवर दोषी ठरले. विश्वस्त मंडळाने स्वतःच नेमलेले चौकशी-अधिकारी लुई फ्री ह्यांनी १२ जुलै २०१२ रोजी २६७ पानांचा अहवाल सादर केला. शब्दकोश जवळ घेऊन मी तो वाचला. त्यात अधिकाऱ्यांवर ठपका आहे हे अपेक्षितच होते. तथापि ज्यांनी फ्री ह्यांस नेमले, त्या विश्वस्तांवरही ठपका आहे, हे मला विशेष वाटले. मोठ्या धोक्याच्या गोष्टी मंडळापुढे नियमाने याव्यात अशी रीत तुम्ही घालून दिली नाही, आणि कुणकुण लागल्यावरही खोदून विचारले नाही, असे त्यांना स्पष्ट ऐकविले आहे. अहवाल म्हणजे न्यायालयाचा निवाडा नव्हे. पॅटर्नो ह्यांच्या कुटुंबीयांनी व अनेक माजी विद्यार्थ्यांनी त्यातील निष्कर्षांवर कडक टीका केली आहे. आपल्याला लैंगिक अत्याचाराची गोष्ट म्हणून ती कधी सांगितलीच गेली नव्हती, असे स्पॅनियर ह्यांचेही म्हणणे आहे. २०१७ साली ज्यूरीने मुलांचे हित धोक्यात घातल्याच्या एका आरोपावर त्यांना दोषी ठरविले आणि २०२१ साली त्यांनी सुमारे दोन महिन्यांचा कारावास भोगला. विद्यापीठास क्रीडासंघटनेने सहा कोटी डॉलरांचा दंड केला, आणि पीडितांस द्यावयाची भरपाई दहा कोटी डॉलरांच्या वर गेली. पैशाचे आकडे सांगितले, कारण ते सांगता येतात. २००१ नंतर ज्या मुलांच्या वाट्याला ते भोग आले, त्यांचा हिशेब कोणत्या वहीत मांडावा?

येथे कोणी म्हणेल, चौकशी गुप्त होती, मग अध्यक्षांनी बोलावे कसे? हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. परंतु त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे साक्षीदारास स्वतःची साक्ष इतरांस सांगण्याची सर्वसाधारणपणे मनाई नाही. माझा अनुभव असा की, गुप्ततेचे कारण बहुधा नंतर सुचते. आधी असते ती भीती. सभासद बाहेर बोलतील, वर्तमानपत्रात येईल, आपल्याला जाब विचारतील, ही भीती. तीही सर्वस्वी निराधार नसते. विश्वस्तांच्या पोटात गोष्ट राहत नाही असे दिसले की कारभारी शहाणा होतो आणि सांगणेच सोडून देतो. जो सभासद बैठकीतील बोलणे संध्याकाळी कट्ट्यावर नेतो, तो पुढच्या खेपेस आपल्या सोबत्यांनाही अंधारात लोटतो.

मी ज्या शाळांतून नोकरी केली, त्यांपैकी एका शाळेत विज्ञानाच्या प्रयोगशाळेविषयी तपासणी-अधिकाऱ्यांनी कडक शेरा लिहिला होता. मुख्याध्यापकांनी तो टेबलाच्या खणात ठेवला. त्यांचा हेतू वाईट नव्हता. उन्हाळ्याच्या सुटीत दुरुस्ती करून घेऊ, मग सांगू, असा त्यांचा विचार होता. संस्थेच्या अध्यक्षांना ती वार्ता केस कापून घेताना केशकर्तनालयात समजली. त्यानंतर दुरुस्ती झाली, पण त्या दोघांत पुन्हा विश्वास म्हणून राहिला नाही, आणि शिक्षकांत दोन पक्ष पडले ते शेवटपर्यंत.

केवळ मंडळाच्या प्रमुखास सांगितले म्हणजे भागले, अशीही एक समजूत आहे. तिला उत्तर म्हणून व्हर्जिनिया विद्यापीठाचे उदाहरण देतो. थॉमस जेफरसन ह्यांनी १८१९ साली स्थापिलेल्या ह्या विद्यापीठात जून २०१२ मध्ये, म्हणजे फ्री अहवालाच्या महिनाभर आधी, अध्यक्षा टेरेसा सलिव्हन ह्यांना राजीनामा द्यावा लागला. मंडळाच्या प्रमुख हेलन ड्रॅगस ह्यांनी सभासदांशी एकेकट्याने बोलून मते अजमावली होती. सर्वांनी एकत्र बसून, समोरासमोर कारणे मांडून, मतदान असे झालेच नव्हते. अध्यापक व विद्यार्थी खवळले, आणि सोळा दिवसांनी त्याच मंडळाने त्याच बाईंना एकमताने परत पदावर बसविले. येथे अंधार अध्यक्षांनी पाडलेला नव्हता, मंडळातल्यांनीच मंडळात पाडला होता. एकेकाच्या कानात सांगितलेली गोष्ट प्रत्येकास निराळी ऐकू येते.

आपल्या राज्यातील कायदा ह्या बाबतीत डोळस आहे, हे सांगावयास मला आनंद वाटतो. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात आणि त्याच्या जागी आलेल्या २०१६ च्या कायद्यातही, कुलगुरूंनी तातडीच्या प्रसंगी स्वतःच्या अधिकारात कार्यवाही करावी अशी मुभा आहे. मात्र तातडी का वाटली आणि काय केले, हे त्यांनी, ती बाब एरवी ज्या प्राधिकरणाने हाताळली असती त्यास, शक्य तितक्या लवकर कळवावे, असे बंधनही आहे. २०१० साली मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू राजन वेळूकर ह्यांनी रोहिंटन मिस्त्री ह्यांची 'सच अ लाँग जर्नी' ही कादंबरी बी. ए. च्या अभ्यासक्रमातून काढून टाकली, ती ह्याच तातडीच्या अधिकारात. एका विद्यार्थिसंघटनेचा आक्षेप होता आणि प्रती जाळण्यात आल्या होत्या. पुस्तक ठेवावे की काढावे, हा आजचा विषय नव्हे. परंतु पुस्तक नेमणे हे अभ्यास मंडळाचे व विद्यापरिषदेचे काम. ज्यांचे ते काम, त्यांना आधी बोलावून मग निर्णय, आणि आधी निर्णय होऊन मग त्यांना अहवाल, ह्या दोहोंत फार अंतर आहे. तातडीचे कलम आग विझविण्यासाठी असते. रोजची चूल त्यावर पेटवू लागल्यास मंडळाचे काम केवळ मागाहून होकार देण्यापुरते उरते.

आता वसतिगृहाच्या मसुद्याकडे येतो. विद्यापीठ हजारो विद्यार्थ्यांचे, आपले वसतिगृह काही डझन मुलांचे. पण त्या मुलांचे आईबाप खेड्यात असतात, आणि आपल्या ज्ञातीच्या नावावर विश्वासून मूल आपल्या दारी ठेवतात. होणारा अधीक्षक सज्जनच असेल असे मी धरून चालतो. कलम दुर्जनासाठी लिहावयाचे नाही, सज्जनास संकोच वाटू नये म्हणून लिहावयाचे. वरिष्ठांस वाईट बातमी सांगण्याचे धैर्य प्रत्येकास नसते, परंतु नियमच असला म्हणजे धैर्याचा प्रश्न राहत नाही.

म्हणून मी एक दुरुस्ती सुचविली आहे. मुलाच्या जिवाशी, शरीराशी किंवा अब्रूशी संबंध असलेली तक्रार, पोलिसांची विचारपूस, अथवा वर्तमानपत्राची पृच्छा आली, तर अधीक्षकाने २४ तासांच्या आत सर्व विश्वस्तांस एकाच वेळी आणि लेखी कळवावे. काय निश्चित ठाऊक आहे, काय ठाऊक नाही, आणि आतापर्यंत काय केले, एवढेच त्यात असावे; मत नको, सारवासारव नको. मुलाचे नाव त्यात घालू नये. मुलावर अत्याचार झाल्याचा संशय असल्यास पोलिसांस कळविणे हे २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे बंधनकारकच आहे. त्यासाठी विश्वस्तांच्या बैठकीची वाट पाहू नये. असा विषय कार्यक्रमपत्रिकेत इतिवृत्ताच्या लगोलग, दुसऱ्या क्रमांकावर घ्यावा, आयत्या वेळच्या विषयांत कदापि घेऊ नये, आणि तो निकालात निघेपर्यंत प्रत्येक बैठकीत पुन्हा यावा. कोणत्या विश्वस्ताने काय विचारले, हेही इतिवृत्तात लिहावे. ही शेवटची सूचना आपल्या एका जुन्या विश्वस्तांस रुचलेली नाही. 'विचारले नाही, तर तेही लिहिले जाईल,' असे ते मला म्हणाले. मी म्हटले, होय, जाईल.

दुरुस्तीचा मजकूर चिटणीसांकडे दिला असून तो मसुद्यासोबत कार्यालयात पाहावयास ठेवला आहे. ज्यांची मुले किंवा नातवंडे वसतिगृहात आहेत, त्यांनी सभेपूर्वी तो अवश्य वाचावा आणि हरकती असल्यास लेखी द्याव्यात.