उचकी : घरगुती उपाय कोणते करावे, कोणते टाळावे
(कासारवाडी येथील कार्यकर्ता वर्गात दिलेले भाषण)



आपल्यापैकी बरेच जण महिन्यातून एक-दोनदा नाशिक फाट्यावरून गाडी धरून घोडेगाव, जुन्नरकडच्या पाड्यांवर जातात. तिथे कुपोषण, सर्पदंश, बाळंतपण हे विषय असताना मी आज उचकीवर बोलणार म्हटल्यावर काही जण हसले. हसा. पण पाड्यावरची आजी तुम्हाला हे विचारतेच, आणि तिच्या मांडीवर बहुधा तान्हं बाळ असतं.

छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासाचा एक पातळ स्नायूचा पडदा आहे. तो एकाएकी आचका देतो, हवा आत ओढली जाते आणि त्याच क्षणी घशातली झडप मिटते. तो ‘हिक्’ आवाज त्या झडपेचा. भराभर जेवण, तिखटजाळ रस्सा, सोड्याची बाटली, दारू, पोट तट्ट फुगणं ही नेहमीची कारणं. कोणी आठवण काढली म्हणून उचकी लागत नाही. पण एकेकाचं नाव घेत बसलं की मन दुसरीकडे जातं, आणि तेवढ्या वेळात ती आपसूकच थांबते. चाकणला कंपनीत गेलेल्या पोराचं नाव आई घेत असेल तर घेऊ द्या, त्यात नुकसान काही नाही.

मोठ्या माणसाने काय करावं? दीर्घ श्वास घेऊन सोसेल तेवढा रोखावा. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की आचके मंदावतात. गार पाणी घोट-घोट, मध्ये न थांबता प्यावं. गुडघे छातीशी घेऊन बसावं. चमचाभर कोरडी साखर गिळावी. हा आजीबाईचा उपाय १९७१ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी वीस रुग्णांवर करून पाहिला, एकोणीस जणांची उचकी थांबली. साखर न दिलेले रुग्ण तुलनेला घेतले नव्हते, म्हणून मी त्याला पुरावा म्हणत नाही. पण उपाय स्वस्त आहे. मधुमेह असलेल्याला मात्र साखर सांगू नका.

दचकवणं हाही जुना उपाय. चरकसंहितेत हिक्केचे पाच प्रकार सांगितले आहेत, आणि उपायांत अंगावर एकदम गार पाणी शिंपडणं, घाबरवणं, चकित करणं हेसुद्धा आहे. तरण्या पोराला दचकवा. हृदयविकार असलेल्या म्हाताऱ्याला नको. डोळ्यांची बुबुळं दाबणं तर कोणालाच नको.

आता तान्हं बाळ. याच्यासाठीच मी आज उभी आहे. दूध पिताना बाळ हवा गिळतं, पोट फुगतं, उचकी लागते. पोटात असतानाही बाळ उचक्या देतं, गरोदर बायकांना ते जाणवतं. बाळ हसरं आहे, दूध पितंय, तर काही बिघडलेलं नाही. खांद्याशी उभं धरा, पाठीवरून हात फिरवा, ढेकर निघू द्या, पुन्हा पाजा. बस्स. साखर नको, ती घशात अडकेल. पाणी नको, गुटी नको. सहा महिने फक्त आईचं दूध. मध तर वर्ष पुरं होईपर्यंत बोटालाही लावू नका. त्यात एका विषारी जंतूचे बीजाणू असू शकतात, आणि बाळाच्या आतड्यात ते वाढले तर बाळ लुळं पडतं, श्वास बंद पडू शकतो. मोरपिसाची राख मधातून चाटवण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे, तिथे हे आवर्जून सांगा.

आणि डागणं. मेळघाटात बाळाचं पोट फुगलं, धाप लागली की तापलेल्या विळ्याने पोटावर चटके देण्याची प्रथा अजून संपलेली नाही. उचकी आणि धाप यांतला फरक घरच्यांना कळत नाही, तो तुम्ही दाखवा. बाळ शांत झोपलेलं असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळाचे साठ किंवा जास्त भरले, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, बाळ दूध ओढत नाही, ओठ निळे दिसतात, तर ती उचकी नव्हे. लगेच १०८ ला फोन. भगताशी भांडत बसू नका. त्यालाही गाडीत बसवून न्या, पुढच्या वेळी तोच तुम्हाला निरोप पाठवील.

मोठ्यांसाठी हिशोब सोपा आहे. अठ्ठेचाळीस तासांत उचकी थांबली नाही तर दवाखाना. मूत्रपिंड निकामी होताना, मेंदूत रक्त साकळल्यावर, कधी हृदयाच्या झटक्यातही उचकी लागून राहते. छातीत दुखणं, बोलताना जीभ जड होणं, लघवी कमी होणं यांपैकी काही सोबत असेल तर दोन दिवस वाट पाहायची नाही. आयोवातल्या चार्ल्स ऑसबोर्न नावाच्या माणसाची उचकी १९२२ पासून १९९० पर्यंत चालली, हे मुलांना गंमत म्हणून जरूर सांगा. आजारी म्हाताऱ्याच्या उशाशी बसून मात्र सांगू नका.

पुढच्या फेरीला निघताना सेकंदकाटा असलेलं घड्याळ जवळ ठेवा. मोबाईलची बॅटरी तिथे संध्याकाळपर्यंत टिकत नाही.