गाडीची चेन आणि आपली ये-जा

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



साखळ्या तोडायच्या घोषणा आपण खूप दिल्या, पुढेही देऊ. आज मात्र एक साखळी टिकवण्याबद्दल बोलायचे आहे. ती म्हणजे मोटारसायकलची चेन.

यात बायकांचा प्रश्न कुठे आला, असे कुणी विचारील. मारहाण झालेल्या बाईचा निरोप रात्री येतो, तेव्हा शेवटची एस.टी. गेलेली असते. गाडी आपल्या नावावर असली तरी तिची देखभाल घरच्या पुरुषाच्या हाती. 'चेन खराब आहे, आज जाऊ नकोस,' असे तो म्हणाला तर ते खरे की निमित्त? जिला चेन तपासता येते, तिलाच हे ठरवता येते.

चेनला शंभराच्या आसपास कड्या असतात. प्रत्येक सांध्यात पिन, तिच्याभोवती बुश आणि त्यावर रोलर. तेल आटले की धूळ शिरते, लोखंडावर लोखंड घासते. एका सांध्यात दशांश मिलिमीटर झीज झाली, तर शंभर सांध्यांची मिळून एक सेंटिमीटर! चेन सैल होते ती अशी. मग ती स्प्रॉकेटचे दात खाते, उतरते, कधी तुटते. तुटलेली चेन अडकून मागचे चाक जागीच जखडू शकते.

आता काम. गाडी डबल स्टँडवर लावा, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. पदर-ओढणी खोचून घ्या. इंजिन चालू ठेवून चेन कधीही पुसू नका, बोटे तुटतात. चाक हातानेच फिरवा. रॉकेलने किंवा चेन क्लीनरने, मऊ ब्रशने मळ काढा. चेनमध्ये रबरी रिंगा असतील तर पेट्रोल आणि तारेचा ब्रश वर्ज्य. चेन कोरडी झाली की खालच्या बाजूच्या चेनवर, आतल्या अंगाने 90 नंबरचे गिअर ऑइल थेंबथेंब सोडा. अर्ध्या तासाने जास्तीचे पुसा. टायरला, ब्रेकला तेल लागू देऊ नका. जळके इंजिन ऑइल घालू नका, त्यात धातूचा कीस असतो. घट्ट ग्रीस वरच राहते आणि धूळ धरते.

साधारण दर 500 किलोमीटरला हे करा. पावसात भिजल्यावर आणि गाडी धुतल्यावरही. त्याच वेळी चेन मधोमध बोटाने वर-खाली करून बघा. किती हलायला हवी तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. बऱ्याच लहान गाड्यांत तो 20 ते 30 मिलिमीटर आहे. ताणून बसवलेली चेनही लवकर झिजते, हे लक्षात ठेवा.

मिस्त्रीकडे जायला हरकत नाही. पण काय बिघडले आहे ते सांगता येणाऱ्या बाईला कुणी सहजासहजी फसवत नाही, आणि अडवतही नाही.

अंगणात गाडी उभी आहे. जिला चालवता येत नाही, तिनेही या. हात काळे होतील, धुतले की निघतात.