७५ ओहमचा आग्रह



चक्राकार पायऱ्यांची पुरातन बारव जेथे अद्याप शाबूत आहे, त्या वालूर गावी जिल्ह्यातील केबलचालक, दृश्यचित्रण करणारे व कॅमेरे बसविणारे तंत्रज्ञ एकत्र यावेत आणि त्यांच्या मेळाव्याचे अध्यक्षपद मजकडे यावे, हा मी बहुमान समजतो. अध्यक्षाने धंद्याच्या भवितव्यावर बोलावे असा प्रघात असला, तरी मी आपला वेळ केबलच्या टोकास लागणाऱ्या बीएनसी पिनेसाठी मागणार आहे. कारण लाखो रुपयांचे कॅमेरे खरेदी करताना जी चिकित्सा आपण करतो, तिचा अंशही या पिनेच्या वाट्यास येत नाही.

बेल प्रयोगशाळेचे पॉल नील आणि अँफेनॉल कंपनीचे कार्ल कॉन्सेलमन यांची आद्याक्षरे वागविणारी ही जोडणी मुळात ५० ओहम संरोधाची. हवा भरलेल्या समाक्ष केबलीत संकेताची झीज सुमारे ७७ ओहमला सर्वांत कमी होते, तर शक्ती सर्वांत अधिक वाहते ती ३० ओहमच्या आसपास. म्हणून प्रक्षेपकांच्या क्षेत्राने ५० हा मध्यम मार्ग पत्करला, आणि क्षीण संकेत दूरवर न्यावयाच्या दृश्यक्षेत्राने ७५ स्वीकारला. हा संरोध केबलीच्या लांबीवर नव्हे, तर बाहेरच्या व आतल्या वाहकांच्या व्यासांच्या गुणोत्तरावर आणि मधल्या विद्युतरोधकावर ठरतो. त्यामुळे मल्टिमीटर लावून तो कधीही सापडावयाचा नाही. ५० ओहमच्या पिनेत मधल्या सुईभोवती प्लास्टिकचा वेढा असतो, ७५च्या पिनेत तो नसतो अथवा पुष्कळ कमी असतो. एवढाच डोळ्यांना दिसणारा भेद. दोन्ही एकमेकींत बिनतक्रार बसतात, आणि खरा धोका तेथेच आहे.

७५च्या मार्गात ५०चा तुकडा आला की त्या सीमेवर व्होल्टेजचा पाचवा हिस्सा, म्हणजे शक्तीचा शेकडा ४ भाग, मागे परततो. मग २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले त्या काळच्या चित्रसंकेतात हा दोष का दिसू नये? उत्तर असे की, त्या संकेताची वारंवारता ५ मेगाहर्ट्झच्या घरात, तिची हवेतील तरंगलांबी ६० मीटर, आणि पीन तीन सेंटीमीटरची. तिच्या अलीकडील व पलीकडील सीमांवरची परावर्तने परस्परविरुद्ध असल्यामुळे एकमेकांस जवळजवळ नाहीशी करीत. आज एचडी कॅमेऱ्याची एसडीआय वाहिनी सेकंदाला १.४८५ अब्ज, आणि तिची पुढची आवृत्ती २.९७ अब्ज बिट वाहते. ३ गिगाहर्ट्झला हवेतील तरंगलांबी अवघी १० सेंटीमीटर भरते, आणि त्या मापापुढे पिनेची लांबी क्षुल्लक राहत नाही.

आपल्या मुलखात हरिनाम सप्ताहाच्या मंडपात कॅमेऱ्यापासून मिक्सरपर्यंत, तेथून मोठ्या पडद्यापर्यंत केबल ओढली जाते, आणि ती अपुरी पडली की जॉइंटवर जॉइंट चढतात. जुन्या संकेतात दोष असला तर चित्रामागे सावली दिसे, म्हणजे पूर्वसूचना मिळे. अंकीय संकेत मात्र मर्यादा ओलांडेपर्यंत चित्र निर्दोष ठेवतो, मग ठिपके उडतात आणि कीर्तन ऐन रंगात असता पडदा काळा पडतो. आणि दोष येतो कॅमेऱ्यावर, किंवा बिचाऱ्या केबल ओढणाऱ्या मुलावर. त्या मुलाची मला फार काळजी वाटते, कारण त्याच्या हाती कोणती पीन दिली, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

एन जातीच्या जोडणीत तर याहून खबरदारी हवी: ५०च्या नराची जाड सुई ७५च्या मादीत दाबली की आतला संपर्क कायमचा फाकतो, आणि पुढे योग्य सुईही त्यात सैल पडते.

म्हणून माझी या मेळाव्यास विनंती आहे की, आजच्या ठरावांत एक कलम घालावे: आरजी-५९ आणि आरजी-६ यांच्या पिना व त्यांचे क्रिंपिंगचे साचे वेगळे ठेवावेत, आणि पीन असो, जॉइंट असो वा वाहिनीच्या शेवटचा टर्मिनेटर, खरेदीच्या बिलावर नगसंख्येशेजारी ‘७५ ओहम’ हा तपशील दुकानदाराकडून लिहून घेतल्याखेरीज माल ताब्यात घेऊ नये.