गाईच्या पोटांतील बिऱ्हाडकरू

जंतु हा शब्द कानीं पडतांच सुशिक्षित घरांत विषमज्वर, पटकी व क्षय यांची आठवण होते, आणि पाणी उकळण्याची व हात धुण्याची सूचना मुलांना तत्काळ मिळते. ही दक्षता सर्वथैव योग्य आहे. परंतु सकाळच्या चहांत पडणारें दूध ज्या गाईनें दिलें, ती गाय जंतूंच्या साह्यावांचून गवताच्या काडीपासून घोटभर दूधही निर्माण करूं शकत नाहीं, हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

गवताचा व कडब्याचा मोठा भाग म्हणजे सेल्युलोज नांवाचा चिवट पदार्थ. तो फोडणारा पाचकरस कोणत्याही सस्तन प्राण्याच्या शरीरांत तयार होत नाहीं. मनुष्याला गवत पचत नाहीं हें सर्वांस ठाऊक आहे. पण खरें पाहतां स्वतःच्या बळावर तें गाईलाही पचवितां येत नाहीं. त्या कामासाठीं तिनें पोटांत बिऱ्हाडकरू ठेवले आहेत. तिच्या जठराचे चार कप्पे असतात. पैकीं पहिला कप्पा इतका प्रशस्त, कीं मोठ्या गाईच्या या कप्प्यांत शंभर लिटरहून अधिक ऐवज मावतो. तेथें प्राणवायु जवळजवळ नसतो आणि उष्णता सुमारें ३९ अंश सेंटिग्रेड असते. कांहीं जंतूंना असेंच घर मानवतें. म्हणून तेथील एका मिलिलिटर द्रवांत अब्जावधि जंतु नांदत असतात.

या घरमालकाचा व बिऱ्हाडकरूंचा व्यवहार मोठा चोख आहे. जंतु गवताचे तंतु फोडून त्यांतील साखर स्वतः वापरतात आणि ॲसेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक हीं आम्लें टाकाऊ म्हणून बाहेर टाकतात. जंतूंचा हा केरकचरा हेंच गाईचें मुख्य अन्न होय. कप्प्याच्या भिंतींतून तीं आम्लें रक्तांत शोषलीं जातात आणि गाईला लागणाऱ्या शक्तीचा निम्म्याहून अधिक भाग त्यांतून मिळतो. आम्ल फाजील सांचूं नये याचीही तजवीज आहे. रवंथ करतांना गाय जी विपुल लाळ गिळते, तिच्यांत खाण्याच्या सोड्यासारखा क्षार असतो व तो आम्लाचा जोर मोडतो. पुढें हे जंतु द्रवाबरोबर वाहत चौथ्या कप्प्यांत जातात आणि तेथें स्वतःच पचविले जातात. दुधांतील पौष्टिक प्रथिनांचा पाया येथें घातला जातो. बिऱ्हाडकरू भाडेंही भरतो आणि अखेरीस घरमालकाच्या पानांतही वाढला जातो!

घोडा व ससा यांचे बिऱ्हाडकरू लहान आंतड्याच्या पलीकडे राहतात. त्यामुळें त्या जंतूंचा सत्त्वांश आंतड्यांत पचण्याची संधि उरत नाहीं. सशानें यावर उपाय काढला आहे. तो आपल्याच मऊ लेंड्या पुन्हां खातो व हुकलेला लाभ पदरांत पाडून घेतो.

वासरूं जन्मतें तेव्हां त्याच्या पोटांतील ही वसति अद्याप उभी राहिलेली नसते. आईचें चाटणें, गोठ्यांतील चारा व इतर जनावरांचा सहवास यांतून तें हळूहळू जंतु मिळवितें. म्हणजे जो जंतु त्या कळपांत नाहीं, तो वासराच्याही वांट्यास येत नाहीं. याचें एक विलक्षण उदाहरण ऑस्ट्रेलियांत घडलें.

महाराष्ट्रांत सुबाभूळ म्हणून ओळखलें जाणारें झाड वैरणीस उत्तम. पण त्याच्या पाल्यांत मिमोसीन नांवाचें विषारी द्रव्य असतें. क्वीन्सलँड प्रांतांत हा पाला भरपूर खाणाऱ्या जनावरांचे केस गळत, गळ्यांतील थायरॉईड ग्रंथि सुजे आणि वजन घटे. हवाई बेटांतील शेळ्या मात्र तोच पाला खाऊन धडधाकट राहत. टाउन्सव्हिल येथील शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांनीं १९८१ सालीं असा तर्क मांडला कीं, हा भेद पोटांतील जंतूंचा असावा. पोटांत गेल्यावर मिमोसीनपासून दुसरें एक द्रव्य तयार होतें व तें थायरॉईडला बाधतें. हवाईच्या शेळ्यांचे जंतु तें द्रव्य फोडून टाकीत. ऑस्ट्रेलियांतील जनावरांजवळ तसे जंतु नव्हते. पुढें हवाईच्या शेळ्यांपासून मिळविलेले जंतु ऑस्ट्रेलियांतील जनावरांच्या पोटांत घालण्यांत आले, आणि तींही पाला निर्धोकपणें खाऊं लागलीं. या यशाचा वृत्तांत १९८६ सालीं प्रसिद्ध झाला. १९९२ सालीं यांतील एका जंतूला जोन्स यांच्या सन्मानार्थ सिनर्जिस्टेस जोन्सी हें नांव मिळालें. झाड तेंच, जनावर तेंच. केवळ डोळ्यांना न दिसणारा एक पाहुणा आला आणि विषाचें अन्न झालें.

ही वसति जितकी उपकारक, तितकीच नाजूक आहे. लग्नमुंजीच्या पंगतीनंतर उरलेला भात, पोळ्या व गोडधोड पुण्य म्हणून दारच्या गाईपुढें पाट्यापाट्यांनीं ओतण्याची चाल शहरांतून दिसते. त्यामागील भावना चांगली असली, तरी परिणाम घातक होतो. पिष्ट एकदम मिळतांच लॅक्टिक आम्ल करणारे जंतु बेसुमार वाढतात. लाळेंतील क्षार त्या आम्लापुढें अपुरा पडतो, तंतु फोडणारे जंतु मरतात, रवंथ बंद पडतें आणि पुष्कळदां एकदोन दिवसांत गाय दगावते. धान्याचें कोठार उघडें राहिलें आणि जनावरानें मनसोक्त ताव मारला, तरी हाच प्रसंग ओढवतो. तोंडावाटे दिलेल्या जंतुनाशक औषधांनींही या उपयुक्त जंतूंचा संहार होऊं शकतो. म्हणून तीं पशुवैद्याच्या सल्ल्यावांचून देऊं नयेत.

नवीन खाद्य द्यावयाचें तर थोडथोडें, दोन आठवड्यांच्या बेतानें वाढवीत न्यावें, म्हणजे पोटांतील बिऱ्हाडकरूंना त्याची संवय होण्यास अवधि मिळतो. आणि दारीं आलेल्या गाईला कांहीं घालावयाचें असेल, तर पंगतींतील उरल्यासुरल्या पाट्या दूर ठेवून हिरव्या चाऱ्याची एक पेंढी घालावी. गाय ती खाईल, तिचे जंतु ती पचवितील, आणि दोघांचाही संसार सुरळीत चालेल.