गडावरून उतरताना



मी वणीतला गॅरेजवाला, म्हणून कामाचंच बोलतो. उद्या तुम्ही सप्तशृंगी गडावर निघालात. नांदुरीचा घाट चढताना इंजिनाची परीक्षा, उतरताना ब्रेकची.

तरुणपणी पेट्रोल वाचवायला मी न्यूट्रलमध्ये उतरलो. अर्ध्या घाटात पेडल तळाला गेलं. खालचा गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला, वाचलो. ब्रेक ऑइल जुनं होतं. त्यात ओलावा मुरतो, तापलं की उकळतं. दर दोन वर्षांनी बदला.

उतरताना खालचाच गिअर ठेवा. जळका वास आला, तर थांबून ब्रेक निवू द्या. पाणी ओतू नका. करकर आवाज आला, तर पॅड तपासा.

पुढच्या मेळाव्याला वर्गाची हजेरी पूर्ण हवी!