चावीचं घड्याळ

पूर्वीच्या वस्तू कशा दणकट असायच्या, असं कुणी म्हणालं की मला भंगारवाला आठवतो. ज्या टिकल्या नाहीत त्या त्याच्या गाडीवरून केव्हाच गेल्या. आपण कौतुक करतो ते उरलेल्यांचं. तरीही एक वस्तू कितीतरी घरांत अजून चालू आहे, आणि ती आमच्या बेंगळुरूची: एचएमटीचं चावीचं घड्याळ.

एचएमटी म्हणजे हिंदुस्तान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी 1953 साली इथे निघाली ती कारखान्यांना लागणारी यंत्रं करायला. मनगटी घड्याळं आली 1961 साली, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं. मग जनता, पायलट, कोहिनूर, सोना! नवऱ्या मुलाला लग्नात घड्याळ द्यायचं तर एचएमटीचं, हे आपल्याकडे किती घरांत ठरूनच गेलेलं होतं. माझ्या सासऱ्यांना ‘जनता’ मिळालं ते असंच. तबकडीवर नाव चक्क देवनागरीत.

यात सेल नाही. चावी दिली की आतली स्प्रिंग गुंडाळली जाते आणि पुढे साधारण दीड दिवस सावकाश उलगडत राहते. चाकांच्या आसांची टोकं फिरतात कृत्रिम माणकाच्या बारीक खड्यांत, म्हणून झीज कमी. ‘17 ज्वेल्स’ म्हणजे हे खडे. जवाहिऱ्याकडे नेऊन काही मिळत नाही, हेही सांगून ठेवते.

पण हे घड्याळ इतकं टिकण्याचं, माझ्या मते, खरं कारण वेगळंच. ते बिघडतं, आणि बिघडलं की उघडता येतं. मागचं झाकण काढा, भाग सुटे करा, धुवा, तेलाचे इवलेसे थेंब द्या, पुन्हा जोडा. कुकरची रिंग बदलून आपण तोच कुकर वर्षानुवर्षं वापरतो, तसंच हे. आजचं स्मार्ट घड्याळ दुरुस्तीला न्या. नवीनच घ्या, असा सल्ला बहुतेकदा मिळतो.

एचएमटीची घड्याळं बंद करण्याचा निर्णय सरकारनं 2016 साली घेतला. जालहळ्ळीला आता त्यांचं संग्रहालय आहे, जरूर बघा. सुटे भाग मात्र बरेचदा मेलेल्या घड्याळांतून काढूनच मिळतात. त्यातून एक धंदाही निघालाय: तबकडी नव्यानं रंगवायची, काटे एकाचे, यंत्र दुसऱ्याचं, आणि ‘जुनं, अस्सल’ म्हणून विकायचं. पोपटी किंवा भडक केशरी तबकडीचं ‘जनता’ दिसलं तर पाकिटाला हात घालू नका.

आणि घरात आजोबांचं घड्याळ बंद पडून असेल, तर ‘चावी जास्त दिली गेली’ असं म्हणून कुणाला बोल लावू नका. बहुतेकदा आतलं तेल सुकलेलं असतं. तशीच चावी देत बसलात तर झीज होईल. आधी कारागिराकडून साफ करून घ्या. आणि ते मोबाइलला किंवा स्पीकरला चिकटवून ठेवू नका. चुंबकानं आतली केसासारखी स्प्रिंग वेटोळ्याला वेटोळं चिकटवून घेते, आणि घड्याळ पुढे पळू लागतं.