खडकाच्या छायेतील नगर
(महोत्सवी व्याख्यानमालेत आमच्या विगारांनी दिलेले भाषण)



आपल्या देवळाच्या महोत्सवानिमित्त काही व्याख्याने व्हावीत आणि त्यांपैकी एक आम्ही द्यावे, असे समितीच्या मंडळींनी ठरविले. विषयही त्यांनीच नेमून दिला : ‘झपाट्याने वाढणारे नगर’. मंडळींची अपेक्षा अशी दिसली की, आम्ही आपल्याच गावाविषयी, येथील उंच इमारतींविषयी व बुजविलेल्या विहिरींविषयी बोलावे. परंतु त्या विषयावर बोलू लागलो म्हणजे आमचा तोल सुटतो, हे रविवारच्या प्रवचनांवरून तुम्हांस ठाऊक आहेच. म्हणून आज आम्ही तुम्हांस फार दूर नेणार आहो : पश्चिम आफ्रिकेतील नायजेरिया देशात, योरुबा लोकांच्या अबेओकुटा नामक नगरात.

या नगराचे नाव आम्ही प्रथम रोम येथे विद्यार्थी असता ऐकले. आमच्या वर्गात एक योरुबा धर्मगुरू होते. पहिल्याच भेटीत आम्ही त्यांस विचारले, “फादर, आपले गाव कोणते?” ते म्हणाले, “केम्टा.” आम्ही नकाशा उघडून पुष्कळ शोधले, केम्टा काही सापडेना. तेव्हा ते हसून म्हणाले, “नकाशात शोधू नका. ते गाव जाळले गेले, त्यास पावणेदोनशे वर्षे होत आली. मी जन्मलो अबेओकुट्यात; पण मी केम्ट्याचा.” हे उत्तर आमच्या मनात रुतून बसले. जे गाव पणजोबांच्या आजोबांनी सोडले, त्याचे नाव अजून आपले म्हणून सांगणारा हा मनुष्य कोणत्या मातीचा, या जिज्ञासेने आम्ही त्या नगराचा इतिहास वाचू लागलो. तोच आज थोडक्यात सांगावयाचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी योरुबांचे ओयो येथील साम्राज्य ढासळू लागले आणि साऱ्या मुलुखात यादवी माजली. त्या काळी युद्ध म्हणजे केवळ जय-पराजय नव्हे. युद्ध म्हणजे माणसांची धरपकड. पकडलेल्यांस साखळदंड घालून समुद्रकिनाऱ्यावर नेत आणि ब्राझील, क्यूबा इकडे जाणाऱ्या जहाजांवर विकीत. एग्बा नावाचे योरुबा लोक अरण्यातील लहानलहान गावांतून विखरून राहत असत. ओवू नगराचा पाडाव झाल्यावर विजयी सैन्ये त्यांच्यावर उलटली, आणि १८२०-३० या दशकात त्यांची शंभराहून अधिक गावे एकामागून एक उद्ध्वस्त झाली. उरलेसुरले लोक इबादान येथील छावणीत आश्रयास राहिले. पण आश्रिताचे जिणे ते केवढे! अखेर १८३० साली सोडेके नावाच्या सेनानीच्या मागोमाग ते तेथून निघाले आणि ओगुन नदीच्या पूर्वतीरावर एका प्रचंड काळ्या खडकाशी येऊन थांबले. त्या खडकास ओलुमो म्हणतात. त्याच्या कपारी इतक्या प्रशस्त की, त्यांत कुटुंबेच्या कुटुंबे लपून राहिली. योरुबा भाषेत ‘अबे’ म्हणजे खाली आणि ‘ओकुटा’ म्हणजे दगड. अबेओकुटा म्हणजे ‘खडकाखाली’. यापरते साधे नाव कोणत्याही नगरास पडले नसेल.

आता यातील विशेष पाहा. हे लोक एकत्र आले खरे, पण एकजीव झाले नाहीत. किंबहुना होऊ इच्छीत नव्हते. केम्ट्याचे लोक एका बाजूस राहिले, इजेमोचे दुसऱ्या, इटोकोचे तिसऱ्या. प्रत्येक गावाने आपले नाव, आपला प्रमुख, आपली ओग्बोनी नामक वृद्धांची सभा बरोबर आणली आणि खडकाभोवती जणू जुना मुलुखच पुन्हा मांडला. पुढे काही वर्षांनी घरदार गमावलेले ओवूचे लोकही आले, त्यांसही जागा मिळाली. येणेप्रमाणे आके, ओके-ओना, ग्बागुरा आणि ओवू असे चार विभाग झाले, आणि त्या चारांचे चार राजे आजही आहेत. त्यांत आकेचा अलाके हा श्रेष्ठ मानला जातो. पण पहिला अलाके, ओकुकेनू, गादीवर बसला तो १८५४ साली. म्हणजे चोवीस वर्षे हे नगर सर्वमान्य राजावाचून वाढले. १८४५च्या सुमारास सोडेके वारल्यावर तर सर्वांवर शब्द चालेल असा एकही पुरुष राहिला नाही. भांडणे झाली, पुष्कळ झाली. परंतु नगर मोडले नाही. बाहेर शत्रू होता, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण आम्हांस असे वाटते की, आत येणाऱ्यास ‘तुझे गाव विसर’ असे कोणी म्हटले नाही.

या नगराकडे मग एक निराळाच प्रवाह वाहू लागला. इंग्रजांच्या आरमाराने गुलामांची जहाजे समुद्रात अडवून त्यांवरील लोकांस सिएरा लिओनमधील फ्रीटाउन येथे मुक्त केले होते. त्यांतील पुष्कळ योरुबा, आपल्या लोकांनी नवे नगर वसविले असे ऐकून, १८३९ पासून घरी परतू लागले. (आपल्याकडेही अशी एक गोष्ट घडली आहे. पूर्व आफ्रिकेतील मुक्त केलेली मुले नाशिकजवळ शरणपूर येथे मिशनमध्ये वाढली आणि पुढे त्यांतील अनेकजण मोंबासाजवळच्या फ्रीअरटाउन वसाहतीत परत गेले. नाशिकच्या द्राक्षांची ख्याती सर्वांस ठाऊक. ही गोष्ट मात्र आपण विसरलो.)

परतणाऱ्यांत सॅम्युएल अजायी क्राउथर हे होते. १८२१ साली, वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी, ओसोगुन या आपल्या गावावर धाड पडली असता ते आई व बहिणींसह पकडले गेले, पुढे त्यांची ताटातूट झाली आणि एका हातून दुसऱ्या हाती विकले जात अखेर ते पोर्तुगीज जहाजावर चढविले गेले. १८२२ साली ते जहाज इंग्रजांनी पकडले. फ्रीटाउन येथे ते शिकले, ख्रिस्ती झाले आणि १८४३ साली त्यांस अँग्लिकन धर्मगुरूची दीक्षा मिळाली. ते आपल्या ख्रिस्तसभेचे नव्हते, तरी त्यांचे नाव आम्ही आदरानेच घेतो. १८४६ च्या ऑगस्टात ते अबेओकुट्यास पोहोचले आणि त्याच महिन्यात, पंचवीस वर्षांनंतर, त्यांची आई त्यांस भेटली. दोघांनीही पुनर्भेटीची आशा केव्हाच सोडून दिली होती. ४८च्या फेब्रुवारीत त्या माउलीस बाप्तिस्मा मिळाला आणि तिचे नाव हन्ना ठेवले. शमुवेलाच्या आईचे नाव काय होते, हे येथे बसलेल्या भगिनींस सांगावयास नकोच.

क्राउथर यांचे मोठे कार्य भाषेचे. योरुबा भाषेत शब्दाचा अर्थ स्वराच्या चढउतारावर अवलंबून असतो. आपल्या कानास ‘ओको’ हा एकच शब्द ऐकू येतो. पण आवाज जसा चढवावा-उतरवावा तसा त्याचा अर्थ नवरा, कुदळ, भाला किंवा होडी असा होतो. (अशा भाषेत प्रवचन करणे किती जोखमीचे, ते आमच्यासारख्याने जाणावे.) याच गुणामुळे त्यांचा कमरेच्या आकाराचा ढोल, दोऱ्या आवळून स्वर चढवीत-उतरवीत, खरोखर बोलतो; राजवाड्याच्या दारी आलेल्या पाहुण्याचे कुळ तो नाव घेऊन सांगतो. या भाषेचे व्याकरण क्राउथर यांनी लिहिले व बायबलच्या भाषांतराचे काम पुढे नेले. १८५९ साली हेन्री टाऊनसेंड या मिशनऱ्याने अबेओकुट्यातच ‘इवे इरोहिन’ नावाचे योरुबा वृत्तपत्र काढले. त्याची किंमत होती १२० कवड्या. मालदीवच्या समुद्रातील कवडी जहाजांतून पश्चिम आफ्रिकेत जाऊन तेथे खरे नाणे बनली होती; चाळीस कवड्यांची एक माळ आणि वीस हजारांचे एक पोते असा हिशेब असे. आपण ‘कवडीमोल’ म्हणतो. तेथे त्याच कवड्या मोजून माणसे विकली जात.

होय, अबेओकुट्यातही. हे झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. गुलामगिरीच्या भयाने पळालेल्या या लोकांनी स्वतः गुलाम बाळगले. एफुनरोये टिनुबू ही मोठी व्यापारी स्त्री १८५६ साली लागोसमधून घालविली गेली, ती येथे आली. दाहोमेच्या राजाने १८५१ साली या नगरावर स्वारी केली होती, तेव्हा मातीच्या तटावरून एग्बांनी ती परतविली. चढून येणारे कित्येक योद्धे स्त्रिया आहेत हे ध्यानी येताच बचाव करणारे अधिकच त्वेषाने लढले, असे सांगतात. १८६४ साली दाहोमेची दुसरी स्वारी झाली, तेव्हा टिनुबूने शस्त्रे व दारूगोळा पुरविला आणि नगराने तिला इयालोदे, म्हणजे स्त्रियांची प्रमुख, केले. हीच स्त्री गुलामांचा व्यापारही करीत असे. नगराचे रक्षण करणारी आणि माणसे विकणारी एकच. आमच्याने तिचा निवाडा करवत नाही.

इंग्रजांनी लागोस घेतल्यावर त्यांचे व एग्बांचे बिनसले आणि १८६७ साली लोकांनी देवळे मोडून मिशनऱ्यांस हाकलून दिले. पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे त्यांच्याबरोबर लागोसकडे गेली. म्हणजे निर्वासितांच्या नगरातून पुन्हा निर्वासित निघाले. आपले धर्मगुरू त्यानंतर, १८८० साली, आले. ते फ्रान्समधील लिऑन येथे स्थापन झालेल्या आफ्रिकन मिशन संस्थेचे. त्यांच्याही आधी लागोस येथे, धर्मगुरू नसता, ब्राझीलहून परतलेला आंतोनिओ नावाचा एक मुक्त गुलाम कॅथलिकांस प्रार्थनेसाठी जमवीत असे. दीक्षा नसताही लोक त्यास ‘पाद्रे’ म्हणत. अबेओकुट्यात फादर कोकार यांनी लान्टोरो भागात १८९५ साली इस्पितळ काढले. नायजेरियातील सर्वांत जुन्या इस्पितळांपैकी ते एक होय. शस्त्रक्रिया ते स्वतः करीत. ते इस्पितळ अद्यापि चालू आहे. अबेओकुट्याचा स्वतंत्र धर्मप्रांत मात्र १९९७ साली झाला.

स्त्रियांविषयी आणखी थोडे सांगितल्यावाचून राहवत नाही. येथील बाजार त्यांच्या हाती. ‘आदिरे’ नावाचे निळीचे कापडही त्यांचेच. पांढरे कापड जागोजागी दोऱ्याने आवळून, आपल्याकडील बांधणीप्रमाणे, अथवा कसाव्याच्या कंदाची खळ पिसाने चितारून निळीत बुडवितात. जेथे खळ तेथे रंग धरत नाही. हीच कष्टकरी बाई पंधराव्या वर्षापासून कर भरीत असे, आणि राज्यसभेत तिला जागा नव्हती. फुनमिलायो रॅन्सम-कुटी या शिक्षिकेने बाजारच्या बायांस जमविले आणि १९४७ पासून हजारो स्त्रिया राजवाड्यापुढे ठाण मांडून गाणी म्हणू लागल्या. मिरवणुकीस परवानगी मिळेना, तेव्हा आमची ही सहल आहे, असे त्या म्हणत. १९४९ च्या जानेवारीत अलाकेने गादी सोडली. पुढच्याच वर्षी तो परत आला, हेही खरे. पण स्त्रियांवरचा तो कर उठला आणि राज्यसभेत त्यांस जागा मिळाली. यांच्याच नात्यातील वोले शोयिंका १९३४ साली या नगरात जन्मले. १९८६ साली त्यांस साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९७६ साली अबेओकुटा ओगुन राज्याची राजधानी झाले. २००६ च्या शिरगणतीत वस्ती साडेचार लाखांच्या आसपास भरली आणि ती वाढतच आहे. लागोसचा विस्तार उत्तरेकडे सरकत आहे. २०२१ साली नवी आगगाडी सुरू झाली, तेव्हापासून तर अंतर आणखीच तुटले. इटोकूच्या बाजारात आता यंत्रावर छापलेले परदेशी स्वस्त कापड आदिरे म्हणून विकले जाते आणि रंगारिणींची तक्रार आहे की, गिऱ्हाईक हात लावून पाहतसुद्धा नाही.

आमच्या त्या वर्गबंधूंस आम्ही एकदा विचारले होते, “फादर, लागोसहून येणारे हे नवे लोक, ज्यांचे जुने गाव तुमच्या मुलुखात नाही, ते स्वतःस कोठले म्हणवतील?” ते पुष्कळ वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमच्याकडे चार विभाग आहेत. सोडेके आला तेव्हा त्यांतील ओवूचे लोक नव्हते, ते मागाहून आले. त्यांना कोणी विचारले होते का?”